सेंटर आऊट आहे!

मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी ‘कंपनीतले काका’ असतातच. कंपनी कुठली, हे विचारायचं नसतं. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला जीकेडब्ल्यू आणि सिएट अशी ओळच होती. पण प्रत्येक काकांच्या लेखी कंपनी एकच, आपली. बाकीच्या म्हणजे वर्कशॉपं.

काकांनी आयटीआयला फिटरचा ट्रेड केला, मग १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी केली. सुरुवातीचे कित्येक महिने हातात फक्त छन्नी आणि कानस. या जगात खऱ्या अर्थानं सरळ आणि काटकोनी असं फारसं काही नाही, हे बाकीच्यांना उतारवयात कळतं ते काकांना विसाव्या वर्षीच कळलं. तेव्हापासून ते कशावरच खूश नाहीत. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. उडप्याकडे मेदूवडा आला की आधी तो पालथा करून बघतात आणि ‘सेंटर आऊट आहे’ असं म्हणून मगच चटणीत बुडवतात. काकूंनी थालीपिठाला बोटानं भोकं पाडली, तर त्यांचाही पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, चुकलेला असतो.

एरवी काकांना कोणी विचारत नाही. पण आमच्या पंपरूमसमोरच्या खड्ड्यावर कुणा पूर्वजानं, टँकरचं चाक गेलं तरी वाकू नये म्हणून, १२ मिलिमीटरची पोलादी प्लेट टाकून ठेवली होती आणि नवा पाइप तिच्यातूनच वर काढायचा होता. मीटिंगमध्ये सेक्रेटरीभाई म्हणाले, “काय नाय, एक चार इंचीचा होल पायजे, बस.”

“चार इंची आतून की बाहेरून?” मागच्या खुर्चीवरून काकांचा आवाज आला.

सभा गप्प. चार इंची म्हणतात तो पाइप बाहेरून ११४.३ मिलिमीटर भरतो. म्हणजे चार इंचाचं भोक पाडलं असतं, तर पाइप खाली आणि आम्ही वर, एकमेकांकडे बघत राहिलो असतो. काकांनी ११६ हा आकडा मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावला.

गॅसकटरवाला पाच मिनिटांत काम उरकतो म्हणत होता. पण बाजूलाच गाड्या उभ्या, म्हणून सेक्रेटरी घाबरले. आणि गॅसची कड करवतीसारखी येते, वर स्लॅग चिकटतो, म्हणून काका चिडले. मग कॉन्ट्रॅक्टरच्या पोरानं नागदेवी स्ट्रीटवरून होलसॉ आणला आणि हँड ड्रिलला लावला. एवढ्या मोठ्या होलसॉला मिनिटाला शंभराच्या आतच फेरे हवेत. ड्रिल पळालं हजारांत. धूर निघाला, दात निळे पडले, पोराचं मनगट मुरगळता मुरगळता वाचलं. काका हाताची घडी घालून हे बघत होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. इतके आनंदात मी त्यांना नातवाच्या बारशालाही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता, फर्स्ट शिफ्टला, काका कामावर हजर. आधी पॉलिश पेपरनं प्लेट घासली आणि मोरचुदाचं पाणी फिरवलं. बघता बघता पोलादावर तांब्याची झाक चढली. तिच्यावर डिव्हायडरनं दोन वर्तुळं आखली. बाहेरचं ११६चं, भोकाचं. आतलं १०६चं, ड्रिलचं. बाहेरच्या रेघेवर पंचानं बारीक ठिपके मारले, ते कशाला ते सांगितलं नाही. आतल्या रेघेवर ३८ खुणा. मग ८ मिलिमीटरच्या ड्रिलनं एकाला खेटून एक अशी ३८ भोकं, मधे कागदाएवढी भिंत आणि तोंडानं अखंड सूचना: “तेल सोड! दाबू नकोस! चीप तुटू देऊ नकोस!” सूचना आम्हा बघ्यांना, ड्रिल त्यांच्याच हातात होतं.

खरी मजा छन्नीला आली. मधल्या भिंती तोडायला काका उकिडवे बसले आणि अख्ख्या बिल्डिंगला कळलं की आपण एका घंटेच्या आत राहतो. दुसऱ्या मजल्यावरचा वर्क फ्रॉम होमवाला हात जोडत खाली आला. त्याला काकांनी हातोडा दिला. “बघ, नजर छन्नीच्या धारेवर ठेवायची, डोक्यावर नाही.” पोरानं डोक्यावर ठेवली. अंगठा सुजला, पुन्हा तक्रार आली नाही.

चकती खाली पडली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. काम तर आत्ता सुरू होत होतं! अर्धगोल कानस घेऊन ते त्या कडेशी जे भिडले ते किती दिवस, हे सेक्रेटरींना विचारा. टँकरचं बिल तेच भरत होते. माझं स्पष्ट मत आहे की काकांना भोक नकोच होतं, त्यांना गोल हवा होता. शेवटी त्यांनी मला वाकवून दाखवलं: कडेभोवती प्रत्येक ठिपका बरोबर अर्धा उरला होता. अर्धा गेला, अर्धा राहिला, म्हणजे कानस रेघेवर थांबली. “कंपनीत हे बघूनच पास करायचे,” ते म्हणाले.

तासाभरात प्लंबर आला, पाइप घातला आणि फटीत चहूबाजूंनी एम-सील थापून मोकळा झाला. अर्धे ठिपके सगळे गडप. काकांनी त्याला जे ऐकवलं, ते इथे छापता येणार नाही.

चकती मात्र त्यांनी घरी नेली. वजन पाऊण किलोच्या आसपास, काठाला ३८ खाचा. काकूंनी ती मांजराच्या भीतीनं दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर ठेवली आणि त्यांचं समाधान झालं. काकांचं नाही.

“जरा दे इकडे, कड गोल करून देतो.”

“अहो, मांजराला चालतंय ना? मग राहू द्या.”