मेंबर आमदार झाला, मग मेंबर कोण?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी मतदारसंघात, वरूडला, राजकारणाचा विषय निघाला की 2019 निघतंच. राज्याचा कृषिमंत्री, तोही वरूडचाच, जिल्हा परिषदेच्या मेंबरनं पाडला. डॉ. अनिल बोंडे जूनमध्ये मंत्री झाले आणि ऑक्टोबरमध्ये माजी आमदार. पाडणारे देवेंद्र भुयार, स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे. 2017 ला जिल्हा परिषदेत निवडून आलेले, शेतकऱ्याच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरणारे.

गावोगाव गुलाल उधळला. त्या आनंदात खोटं काही नव्हतं.

पण पुढच्या पाच वर्षांचा हिशेब कोणी मागितला?

हिशेब असा. 2019 ची निवडणूक स्वाभिमानीच्या नावावर, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यानं जिंकली. मार्च 2022 मध्ये संघटनेचे नेते राजू शेट्टींनी मोर्शी तालुक्यातल्या हिवरखेडच्या सभेत भुयारांना संघटनेतून काढून टाकलं. जूनमध्ये राज्यसभेची निवडणूक आली, महाविकास आघाडीचा एक उमेदवार पडला, आणि शिवसेनेच्या संजय राऊतांनी मतं फुटल्याबद्दल ज्या आमदारांवर बोट ठेवलं त्यांत भुयारांचंही नाव होतं. भुयारांनी आरोप नाकारला. पुढे ते अजित पवारांकडे गेले आणि 2024 ला राष्ट्रवादीच्या घड्याळ चिन्हावर लढले. समोर महायुतीतलेच, भाजपचे उमेश यावलकर. यावलकर निवडून आले.

आणि जूनच्या त्याच निवडणुकीत राज्यसभेवर कोण गेलं? डॉ. अनिल बोंडे.

मतदारानं पाडलेला दिल्लीला पोचला, मतदारानं चढवलेला घरी परतला. दोघांचं काय झालं ते तालुक्यात पोरासोरांनाही पाठ आहे. पण इथलं पीक असलेल्या संत्र्याचं काय झालं?

संत्र्याचं हे झालं. व्यापारी बागेत येतो, झाडाझाडाखाली फिरतो, अंदाज बांधतो, इसार देतो. सौदा तोंडी. मग ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहाराची गळ लागते. झाडाखाली पिवळट फळांचा सडा पडतो आणि व्यापारी फोन उचलेनासा होतो. आला तरी ठरलेला भाव विसरूनच येतो. शेतकऱ्याच्या हातात कागद नाही. भांडायचं कशाच्या जोरावर?

त्यात बांगलादेश. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं हे मोठं गिऱ्हाईक. तिथलं आयात शुल्क 2019 ला किलोला 20 टका होतं, 2023 पर्यंत ते 88 वर गेलं. माल देशातच तुंबला, भाव पडला. हे शुल्क ना जिल्हा परिषदेच्या हातात, ना विधानसभेच्या. मान्य.

पण सौद्याला कागद हवा, हे कोणाच्या हातात आहे? बाजार समितीचा कायदा राज्याचा. भूजलाचा कायदा राज्याचा. तो 2009 चा, लागू झाला 2014 ला. वरूड तालुक्यात पाण्याचा अतिउपसा होतो, ही नोंद जुनी आहे. दर उन्हाळ्यात बोअर आणखी खोल जातात, बागा वाचवायला टँकर लागतात. हा कायदा आपल्या तालुक्यात कुठवर पोचला, हे विचारायची जागा एकच आहे. ती मुंबईला आहे. तिथं माणूस पाठवायचा तो यासाठी.

आपण मात्र पाठवतो आणि लगेच परत बोलावतो.

लग्नाला या. तेराव्याला या. डीपी जळली, महावितरणला फोन लावा. पोराला हॉस्टेल मिळेना, चिठ्ठी द्या. आमदाराच्या दारात सकाळी सातला जी रांग लागते ती बघा. घरकुलाचा हप्ता अडलेली बाई, पांदण रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन आलेले चौघे, शाळेच्या गळक्या छताचा फोटो मोबाईलवर दाखवणारा पालक. विधानसभेचं काम घेऊन आलेला एकही नाही.

हे सगळं काम खरं आहे. फक्त ते आमदाराचं नाही. घरकुल पंचायत समितीचं, शाळा जिल्हा परिषदेची, पांदण तहसीलचं आणि ग्रामपंचायतीचं. आमदाराला आता स्थानिक विकासाचे वर्षाला 5 कोटी मिळतात, ते गावोगावच्या समाजमंदिरांत आणि सिमेंटच्या रस्त्यांत जातात. म्हणजे मेंबर मोठा झाला, पगार मोठा झाला, गाडी मोठी झाली.

काम मेंबरचंच राहिलं.

खालून वर जाण्यात वाईट काहीच नाही. उलट हीच खरी वाट. अमरावती जिल्ह्याला हे कोणी शिकवायची गरज नाही. डॉ. पंजाबराव देशमुख 1928 ला इथल्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. 1930 ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात गेले आणि मंत्री झाले. तिथं त्यांनी काय केलं? गावात काय दुखतं ते जिल्ह्यात बसून पाहिलं होतं, म्हणून सावकाराच्या कर्जाला हात घातला. 1933 ला कर्ज लवाद कायदा झाला. विहीर खालच्या खुर्चीवरून उघडली, सावकार वरच्या खुर्चीवरून आवरला. प्रत्येक खुर्चीचं काम त्यांना ठाऊक होतं.

वसंतराव नाईकांचंही तेच. 1946 ला पुसदचे नगराध्यक्ष, 1952 ला आमदार, पुढे अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. याच नाईकांच्या अध्यक्षतेखाली 1960 ला समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या समितीनं एक गोष्ट जाणूनबुजून केली. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत जागा ठेवली नाही.

का ठेवली नाही? आमदार आत शिरला की मेंबर उरत नाही, हे नगरपालिका चालवलेल्या माणसाला कळत होतं.

आर. आर. पाटील 1979 ते 1990 सांगली जिल्हा परिषदेत होते. अकरा वर्षं! मग आमदार. 1999 ला ग्रामविकास खातं हाती आलं तेव्हा ग्रामपंचायत कशी चालते हे त्यांना सचिवाकडून समजून घ्यावं लागलं नाही. ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्याला नाव दिलं आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचं. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. चंद्रशेखर बावनकुळे नागपूर जिल्हा परिषदेतून आले. देवेंद्र फडणवीस 1992 ला नागपूरचे नगरसेवक, 1997 ला महापौर, 1999 ला आमदार.

आता एक साधा प्रश्न. ज्या सभागृहात सरपंच, मेंबर, नगरसेवक, नगराध्यक्ष होऊन आलेले लोक बसतात, त्या सभागृहानं आपल्या माहेराशी कसं वागावं?

वागणं बघा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा, असं 2017 ला ठरलं. 2019 ला सरकार बदललं, 2020 ला नको म्हणाले. 2022 ला सरकार बदललं, हवा म्हणाले. नगराध्यक्षाचंही तसंच, 2016 ला थेट, मग उलट, मग पुन्हा थेट. गावाला कधी कोणी विचारलं? मुंबईत ज्याची सत्ता, त्याच्या सोयीचा गावचा कायदा. आणि हात वर करणाऱ्यांत कितीतरी स्वतः गावातून आलेले.

ही झाली कायद्याची गोष्ट. त्यापुढची जास्त टोचते.

अमरावती जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 ला संपली. तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आयोग आला, अहवाल आला, तारखा पडत राहिल्या. मे 2025 ला न्यायालयानंच निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. डिसेंबरात नगरपरिषदा उरकल्या. जिल्हा परिषदांत मात्र आरक्षण 50 टक्क्यांच्या आत बसणाऱ्या 12 जिल्ह्यांचीच निवडणूक 2026 च्या सुरुवातीला लागली.

त्या बारांत विदर्भातला एकही जिल्हा नाही.

म्हणजे 2017 ला मेंबर होऊन 2019 ला आमदार होता येत होतं. आज वरूड तालुक्यातल्या एखाद्या धडपड्या पोराला मेंबर व्हायचं असेल तर जागाच नाही. त्यानं काय करावं? नेत्याच्या मागं फिरावं, फ्लेक्सवर कोपऱ्यात फोटो छापून घ्यावा, कार्यकर्ता म्हणून चार वर्षं काढावीत. त्यात तो घोषणा द्यायला शिकेल. जिल्ह्याचं अंदाजपत्रक वाचायला कुठं शिकेल? अधिकाऱ्याला सभेत उभं करून प्रश्न विचारायला कुठं शिकेल?

बाईची वाट तर याहून अरुंद. महाराष्ट्रात या संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या. विधानसभेत 288 आमदारांत पंचवीसही स्त्रिया नाहीत. जिल्हा परिषद बंद म्हणजे बाईला राजकारण शिकायला मिळणारी सगळ्यांत मोठी शाळा बंद. कोणी म्हणेल, बायकांच्या नावावर नवरेच कारभार करतात. काही ठिकाणी करतात. पण पहिल्या सभेत गप्प बसलेली बाई दुसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या बिलावर अडून बसते, हेही गावोगाव लोकांनी पाहिलेलं आहे. चार वर्षांत अशा किती जणी उभ्या राहिल्या असत्या?

आणि लाभ कोणाचा झाला? प्रशासक अधिकारी असतो, तो मतं मागायला येत नाही. त्याच्यावर दाब टाकू शकतो तो फक्त आमदार आणि पालकमंत्री. मधला मेंबर गेला, सभापती गेला, अध्यक्ष गेला. निधी कोणत्या गावाला, शिक्षकाची बदली कुठं, रस्ता आधी कोणाचा, सगळं एका दारात आलं. नाईक समितीनं आमदाराला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं होतं. आता जिल्हा परिषदच आमदाराच्या ओट्यावर येऊन बसली आहे.

निवडणूक लांबली याचं दुःख आमदारांना का होत नाही, हे आता वेगळं सांगायला हवं का?

हे एका पक्षाचं नाही. 2022 च्या मार्चमध्ये महाविकास आघाडी होती, जूनअखेर महायुती आली. दोघांनीही वाट पाहिली. न्यायालयाकडे बोट दाखवून दोघंही मोकळे झाले. आयोगाचा अहवाल वेळेत देणं, प्रभागरचना वादात न अडकवणं, आरक्षणाची आकडेमोड मर्यादेत बसवणं हे न्यायालयाचं काम होतं का? ते सरकारचं होतं. आणि सरकारला जाब विचारणं आमदाराचं.

वरूडचा मतदार भोळा नाही. 2009 ला त्यानं डॉ. बोंडेंना अपक्ष म्हणून निवडलं, 2014 ला भाजपचे म्हणून पुन्हा निवडलं, 2019 ला मंत्री असताना पाडलं. भुयारांना डोक्यावर घेतलं आणि एकाच मुदतीत उतरवलं. पाडायला हा तालुका कधी कचरला नाही. ही हिंमत सगळ्या मतदारसंघांत नसते, आणि तिचा मला अभिमान वाटतो.

पण पाडणं पाच वर्षांतून एकदाच जमतं. मधल्या अठराशे दिवसांत आमदाराला विचारायचं काय? लग्नाला का आला नाहीत, हे विचारायचं? की सौद्याला कागद का नाही, हे?

रोज सकाळच्या रांगेतल्या माणसांनी आपली घरकुलं, पांदणी, गळकी छतं जरूर घेऊन जावीत. ती कामं अडलेली आहेत, माणसं नडलेली आहेत, त्यांना आज दुसरं दार नाही. जाताना आणखी एक कागद मात्र न्यावा. मोर्शी मतदारसंघाचा आमदार, पक्ष कोणताही असो, त्यानं विधानसभेत लेखी प्रश्न टाकावा: अमरावती जिल्हा परिषदेत मार्च 2022 पासून लोकांचा माणूस का नाही, या काळात जिल्हा परिषदेचा किती निधी कोणत्या गावाला गेला, आणि तो कोणाच्या शिफारशीनं? उत्तर येईल ते वरूडच्या पंचायत समितीच्या फलकावर गावनिहाय लावावं.