मजकूर पाठवतो

वर्धापनदिनाची पोस्ट कशी लिहायची हे आता ठरून गेलं आहे. वेबसाइट बनवून देणाऱ्या छोट्या व्यवसायाला कोथरूडच्या किंवा वारज्याच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये वर्ष पूर्ण झालं, की त्याचा मालक (तोच डिझायनर, तोच हिशेबनीस, फोन उचलणाराही तोच) मध्यरात्री लिहायला बसतो. ‘प्रवास’ असतो, ‘खूप शिकायला मिळालं’ असतं, ग्राहकांचे, घरच्यांचे आणि न चुकता टीकाकारांचेही आभार असतात, शेवटी जोडलेल्या हातांची तीन चित्रं. वर्षभरात हाती घेतलेल्या साइटपैकी किती प्रत्यक्षात सुरू झाल्या, हा आकडा तेवढा नसतो. तो का नसतो याची कारणं तज्ज्ञ मंडळी स्पर्धेत शोधतात, मंदीत शोधतात, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेत शोधतात. आमचं म्हणणं असं की कारण एका पानावर आहे, आणि ते पान कोरं आहे. त्याचं नाव ‘आमच्याविषयी’.

बाकीची पानं होतात. संपर्काच्या पानाला फोन नंबर लागतो, तो मिळतो. उत्पादनांच्या पानाला फोटो लागतात, ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पार चेपून, वर ‘शुभ सकाळ’ लिहिलेल्या फुलांच्या आगेमागे, पण येतात. लोगो मागितला तर व्हिजिटिंग कार्डाचा तिरका फोटो येतो, कोपऱ्यात अंगठा दिसत असतो, तरी त्यावरून लोगो पुन्हा काढता येतो. ‘आमच्याविषयी’चं तसं नाही. तिथे दुकानमालकाने चार ओळी द्यायच्या असतात : दुकान कधी सुरू झालं, कुणी केलं, काय विकतो, लोकांनी आमच्याकडेच का यावं. उत्तर तत्काळ येतं : “पाठवतो.” मग ‘आज रात्री पाठवतो’. मग पितृपक्ष, त्यात नवं काही नको. मग नवरात्र, दिवाळीचा सीझन, लग्नसराई, मार्च एंडिंग, मुलांच्या परीक्षा, आंबे, वारी, गणपती. पंचांगात चार ओळी लिहायला मुहूर्तच नाही. तोवर त्या पानावर जागा भरायला टाकलेला ‘लोरेम इप्सम’ तसाच असतो. हा लॅटिन मजकूर म्हणजे सिसेरो या रोमन पंडिताने इसवी सनपूर्व ४५ मध्ये सुखदुःखावर जी चर्चा केली, तिचे मोडतोड झालेले तुकडे. म्हणजे रविवार पेठेतल्या फरसाणाच्या दुकानाविषयी आजवर कुणी जाहीरपणे चार शब्द बोललं असेल तर ते एका रोमन तत्त्ववेत्त्याने. मालक अजून ‘टाइप करतोय’.

यावर पहिला आक्षेप येतो की बिचाऱ्याला लिहायची सवय नसते. हे दुसऱ्या कुठल्या शहरात ऐकून घेतलं असतं. पुण्यात? ज्या गावात १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध झाले त्याची थोरवी बाजूला ठेवू. त्याच दुकानाच्या दारावर काय लिहिलंय ते वाचा. दुकान कधी बंद, दार कसं लोटायचं, गाडी कुठे लावायची नाही, लावली तर चाकातल्या हवेचं काय होईल, सुटे पैसे कुणी द्यायचे, पत्ता कुणाला विचारायचा नाही, माल हाताळण्याविषयी मालकांचं मत काय, आणि हे सगळं वाचूनही जो विचारेल त्याच्याविषयी काय. एकही शब्द जास्तीचा नाही. गिऱ्हाइकाविषयी हा माणूस फळ्यावर, पुठ्ठ्यावर, कॅलेंडरच्या पाठीवर, मिळेल त्या जागी लिहितो. वॉर्डातल्या कुणाचा वाढदिवस असला तर शुभेच्छुकांच्या पाच डझन नावांचा फ्लेक्स रात्री दहाला ठरतो आणि सकाळी सहाला चौकात लागतो. त्याचा मजकूर कधी अडकल्याचं ऐकिवात नाही. लग्नाच्या पत्रिकेत आत्याच्या सासरचं नाव कितव्या ओळीत यावं यावर घरात तीन बैठका होतात, पत्रिका तरी वेळेत छापून येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. खळखळ झाली, मुदती पडल्या, पण पाट्या लागल्या. तेव्हा लिहिता येत नाही हे खोटं. लिहिण्याने काय होईल हे माहीत आहे, हे खरं.

काय होईल? काम पूर्ण होईल. आणि काम पूर्ण झालं की शेवटचा हप्ता द्यावा लागेल. या धंद्यातला रिवाज साधा असतो : निम्मे पैसे आगाऊ, काही डिझाइन पसंत पडल्यावर, उरलेले साइट लाइव्ह झाल्यावर. साइट लाइव्ह कधी होणार, तर मजकूर आल्यावर. मजकूर कुणाकडून येणार, तर ज्याने पैसे द्यायचे त्याच्याकडून. कापड, माप, कात्री सगळं शिंप्याला द्यावं आणि गुंडी तेवढी स्वतःच्या खिशात ठेवावी, वर शर्ट अजून झाला नाही म्हणून शिलाई अडवावी, असा हा करार आहे. कुणी ठरवून लबाडी करतं असं आम्ही म्हणत नाही. ठरवावं लागतच नाही, हीच तर सोय. नुसतं विसरलं तरी पैसे राहतात, आणि विसरण्यावर कुणी वसुलीची नोटीस काढू शकत नाही.

कायदा आहे ना, असं इथे कुणीतरी म्हणणार. आहे, आणि चांगला आहे. सूक्ष्म-लघुउद्योगांचा २००६ चा कायदा म्हणतो की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या; नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यावर आणखी कडी केली : मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळणार नाही. वाचून छाती भरून येते. पण हे दिवस मोजायचे कधीपासून? काम पोचतं झालं, स्वीकारलं गेलं, तिथपासून. पोचल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर होईल त्या दिवसापासून. आणि कोरं पान असलेली साइट पोचतीच होत नाही! संसदेने चक्रवाढ व्याज लावलं, आयकराने वजावट अडवली, आणि हे सगळं अवजड यंत्र चार ओळींच्या उंबऱ्याबाहेर ताटकळत उभं. उलट बाजूने जीएसटी बघा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण कंपनीची कामं हवीत म्हणून पोरगा नोंदणी करून बसतो. त्याने बिल फाडलं की १८ टक्के सरकारचे देय झाले, गिऱ्हाइकाने दमडी दिलेली नसली तरी. त्याच बिलावर त्या कराचं क्रेडिट घेणाऱ्या गिऱ्हाइकाने पैसे द्यायला मात्र १८० दिवस लावले तरी त्याचं क्रेडिट शाबूत. म्हणून हुशार पोरं आधी नुसता प्रोफॉर्मा पाठवतात, पैसे आल्यावर बिल करतात. म्हणजे ज्या बिलाच्या जोरावर भांडायचं, ते बिलच करायची चोरी. पंचविशीतल्या मुलाने वर्षभर स्वतःच्या खिशातून सर्व्हर भरायचा, वीज भरायची, आणि ज्याच्या गल्ल्यात रोज रोकड पडते त्या माणसाला उधारी पुरवायची. वर त्याचेच आभार मानायचे, तीन-तीन हात जोडून! याला प्रवास म्हणतात होय?

उपाय सुचवणारे पुष्कळ. मजकूर तूच लिही, म्हणतात. लिहितात की पोरं. हल्ली यंत्राकडून लिहून घेतात, ‘गुणवत्ता आणि विश्वासाची अखंड परंपरा’ वगैरे. आणि वर्षभरात जे घडलं नाही ते घडतं : दोन मिनिटांत उत्तर येतं. “हे आमच्यासारखं वाटत नाही. थांबा, मीच पाठवतो.” मग वेबसाइटची गरजच कुणाला आहे, लोक नकाशावर दुकान शोधतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात, असाही एक मुद्दा असतो. मुद्दा बिनतोड आहे, पण तो आगाऊ रक्कम देण्यापूर्वीचा आहे. मग सगळे पैसे आधीच घ्या, हा सल्ला उरतो. घेऊन बघावेत. “सगळे आधी? मग आमचा भाचा फुकट करून देईल.”

या भाच्याविषयी मात्र बोललंच पाहिजे, कारण पुण्यातल्या वेब व्यवसायाचा खरा प्रतिस्पर्धी तो आहे आणि त्याने आजवर एकही साइट पूर्ण केलेली नाही. भाच्याने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मामाच्या दुकानासाठी डोमेन घेऊन ठेवलं, काही शे रुपयांत, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. त्या पराक्रमावर तो घरात ‘कॉम्प्युटरमधला’ झाला. पुढे हिंजवडी, पुढे म्युनिक. डोमेन वर्षाच्या बोलीने मिळतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्याची आठवण भाच्याच्या ईमेलवर जाते, ओटीपी भाच्याच्या जुन्या नंबरवर जातो, जुना नंबर त्याच्या आईच्या फोनमध्ये आहे, आणि आई दुपारी एक ते चार फोन घेत नाही. चारनंतर घेतला तर ओटीपीची दहा मिनिटं उलटून गेलेली. पुन्हा पाठवावा तर म्युनिकमध्ये भाच्याला पासवर्ड आठवत नाही, तो ‘वीकेंडला बघतो’ म्हणतो, मामा डिझायनरला म्हणतात, “तुम्ही एवढे एक्स्पर्ट, तुम्हाला ओटीपीशिवाय जमत नाही?” मुदत संपते. डिझायनर पोरगा निमूटपणे मिळतंजुळतं दुसरं डोमेन पदरच्या पैशाने घेतो. वर्ष सरतं, त्याचीही मुदत भरते, तो पुन्हा पैसे भरतो. साइटचं नूतनीकरण होतं, साइट अजून सुरू व्हायची असते. अशी न जन्मलेल्या साइटची भाडी भरत जो धंदा वर्षभर टिकला, त्याच्या जिद्दीला नावं ठेवायची आमची टाप नाही.

आमची मागणी एवढीच की कोटेशनमध्ये एक कलम पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत यावं : मागितल्यापासून तीस दिवसांत मजकूर मिळाला नाही तर काम पूर्ण झालं असं धरून बिल होईल आणि पान आहे तसं प्रसिद्ध होईल, सिसेरोसकट. यावर मालक हरकत घेतील. घेऊ देत, कलमावरची हरकत लेखी द्यावी लागेल अशी पोटओळ त्याच कलमात टाका. दोन फुलस्केप पानं भरून येतील, मुद्देसूद, शुद्धलेखनासह, दुकानाची १९५२ पासूनची कीर्ती, आजोबांची सचोटी आणि मालाचा दर्जा यांच्या साग्रसंगीत उल्लेखासह. ती पानं तशीच्या तशी ‘आमच्याविषयी’वर चढवावीत आणि त्याच संध्याकाळी बिल पाठवावं.