प्रकल्पपिता

गोडदेवात शालेय विज्ञान प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली, की एरवी भाईंदर स्थानकावर चर्चगेटची गाडी पकडण्यापलीकडे गतिशास्त्राशी कोणताही संबंध न ठेवणारा जो गृहस्थ 'गतीपासून वीजनिर्मिती' या विषयाची सर्व सूत्रे चिरंजीवांकडून काढून स्वतःच्या ताब्यात घेतो, त्यास आम्ही प्रकल्पपिता म्हणतो. वहीवर नाव मुलाचे; तजवीज, खर्च आणि हुकूमत मात्र सर्वस्वी यांची. अर्धी रजा टाकून लॅमिंग्टन रोडवरून छोटी मोटर, तांब्याची तार, लोहचुंबक आणि एलईडी आणावेत, आणि मुलाने तारेस हात लावताच "मी वेढे मोजतोय, मध्ये बोलू नकोस" असे फर्मान काढावे, हा यांचा रिवाज.

मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर करून विद्युत्प्रवाह निर्माण केला आणि चुंबक स्तब्ध होताच प्रवाहही थांबला, हा वृत्तान्त मुखोद्गत असूनही प्रकल्पपित्यास मोह पडतो तो फॅरेडेंवर मात करण्याचा : डायनॅमोने मोटर फिरवावी, मोटरीने पुन्हा डायनॅमो फिरवावा, आणि उरलेल्या विजेवर सोसायटीची लिफ्ट चालवून देखभाल-खर्चाच्या थकबाकीचा प्रश्न कायमचा निकालात काढावा! यंत्र दोन गिरक्या घेऊन बंद पडते; त्याचा ठपका बेअरिंगवर येतो आणि शिलाई मशीनचे तेल मागवले जाते.

अखेर आदल्या रात्री शेजाऱ्याच्या जुन्या सायकलीचा सहा व्होल्ट, तीन वॅटचा डायनॅमो उसना येतो, आणि चाक फिरवण्याचे एकमेव काम मुलाच्या वाट्यास येते. प्रदर्शनात परीक्षक विचारतात, "काय रे, दिवा जोडला की चाक जड का होतं?" पिता मागून "गंज, साहेब!" म्हणून जबानी देतात. मुलगा म्हणतो, "तार काढली की हलकं होतं, सर, जोडली की जड. दिव्याची वीज माझ्या हातातूनच जाते."

ज्या लोकलने पिताजी नित्य प्रवास करतात, तिच्या मोटरीही ब्रेक लागताना जनित्रे बनून वीज वरच्या तारेस परत करतात. परंतु त्या समयी पिताजींचे सर्व अवधान चौथ्या सीटकडे लागलेले असते.

तेव्हा समस्त पालकांस नम्र विनंती एवढीच, की पुढील वर्षी हत्यारांची पेटी मुलाच्या स्वाधीन करावी आणि चाक आपण फिरवावे. ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम समजण्यास याहून स्वस्त शिकवणी नाही.