गीझरची अंघोळ

बी.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरा वर्ग. एवढ्या भांडवलावर मी घरात पंचवीस वर्षं ‘केमिस्ट्रीवाला’ म्हणून मिरवतो आहे. त्यामुळे आमचा गॅस गीझर आचके द्यायला लागला आणि प्लंबरने हातही न लावता “साहेब, कॉइलच बदला” असं फर्मावलं, तेव्हा मी फक्त हसलो. तज्ज्ञ हसतात तसं.

“क्षार साचलेत. मी काढतो.”

“तुम्ही?” बायको एवढंच म्हणाली. मी उघडलेलं आणि पुन्हा कधीच न मिटलेलं भिंतीवरचं घड्याळ त्या एका शब्दात होतं.

मी व्याख्यान सुरू केलं. बोअरचं पाणी जड. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट होतं आणि नळीला आतून चिकटतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याची तऱ्हा उलटी. पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. आमच्या टँकरच्या पाण्याचं काय, ते साबणाला विचारा, फेसाची वाट बघून तो झिजून गेलाय... इथे बायको कुकर लावायला उठली.

मुळात या बिनटाकीच्या यंत्रावर माझा जीवच नाही. बंब म्हणजे बंब! लातूरच्या घरी होता. तांब्याचा, ढेरपोट्या, मधोमध धुराची नळी. पोटात तुराट्या, करवंट्या आणि गेल्या वर्षीच्या वह्या. माझी नववीची बीजगणिताची वही गेली, त्या दिवशी पाणी विशेष कढत निघालं. नियम एकच: जेवढं काढाल तेवढं ओता. तो मोडणारा कोण, हे पुढचा अंघोळकरी ओरडून सगळ्या वाड्याला कळवी. पाण्याला धुराचा वास, आणि शाळेत आम्हाला बंबाचा. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेने घासून लख्ख केल्यावर त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडे. गीझरला कोणी माळ घालतं? दोन सेल घालतात, तेही टॉर्चमधले काढून.

असो. रविवारी गॅस बंद केला, सेल काढले, दोन्ही नळ्या पान्ह्याने सोडवल्या. चार लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम लिंबूसत्व, त्यात कूलरचा पंप. बादलीतून कॉइलमध्ये, कॉइलमधून परत बादलीत, तासभर फिरवायचं. नळीतून फेस आला तसा मी सगळ्यांना हाका मारल्या, “कार्बन डायऑक्साइड बघा!” सगळे जमले आणि नेमकी तेव्हाच नळी बादलीतून निसटली. पुढची दोन मिनिटं माझेच क्षार निघत होते.

शेवटी नळ्या जोडताना पाण्याच्या तोंडाशी एक जाळी दिसली. करंगळीच्या पेराएवढी, वाळूने गच्च. जुन्या टूथब्रशने ती दोन मिनिटांत साफ झाली. अर्धं दुखणं तिथेच होतं, हे घरात कोणाला बोललेलो नाही.

गीझर भसकन पेटला. सत्कार तेवढा बाकी होता.

सोमवारी सकाळी आईने हातात चहा दिला. तिची बोटं बर्फासारखी.

“गार पाण्याने केलीस अंघोळ?”

“चालतं रे.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून असेल.”

म्हणजे गीझर ठणठणीत होता तेव्हापासून. मी तिला नळ सोडून दाखवायला सांगितलं. तिने सोडला, सुतळीएवढी धार. पाण्याच्या जोराने आतला पडदा उचलला गेला, तरच या गीझरमध्ये गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. सुतळीएवढ्या धारेला तो दादच देत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा आई तिथेच राहत होती. तो नळ तिच्या हातांतून अजून सुटलेला नाही. इथे आमचा टँकर फाटक्या नळीतून रस्ताभर पाणी सांडत येतो आणि पैसे मात्र भरल्या टँकरचे घेतो. ती गॅलरीतून ते ओघळ बघते आणि आत येऊन धार आणखी बारीक करते. आणि मी तिला कॅल्शियम समजावत होतो.

आता ती नळ पूर्ण सोडते, पण भिंतीकडे तोंड करून. सुरुवातीचं गार पाणी कळशीत धरते, ते तुळशीला जातं.

“त्या आंबट पाण्याचं काय केलंस?” तिने त्याच दिवशी विचारलं.

“बादलीतच आहे. ओतून देतो.”

“ओततोस कशाला?” तिने त्यात फडकं बुडवलं आणि दुपारभर नळ अन् फरशा घासल्या. पुढच्या रविवारी पाहुणे आले. बाथरूममधून बाहेर येत म्हणाले, “वा, फरशी नवी बसवलीत?” गीझरबद्दल चकार शब्द नाही.

मी घसा खाकरला. पण आईच आधी बोलली, “केमिस्ट्रीवाला आहे ना आमचा.”