पणजोबा लांडगा चालेल

बालाघाटात जन्मलेल्या माणसाला लांडग्याबद्दल बोलायचा जन्मसिद्ध अधिकार असतो, असं इथं सगळे धरून चालतात. कारण वैनगंगा. 'जंगल बुक'मधला शेरखान याच नदीकाठचा, आणि मोगलीला वाढवणारं लांडग्यांचं कुटुंब शेजारच्या सिवनीच्या डोंगरातलं. ते पुस्तक 1894 साली आलं, किपलिंगसाहेबांनी ते अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या थंडीत बसून लिहिलं, आणि सातपुड्याचं रान बरंचसं स्टर्नडेल नावाच्या दुसऱ्या साहेबाच्या पुस्तकावरून घेतलं, या गोष्टी आमच्याकडे चारचौघांत काढायच्या नसतात. पाहुण्यांना कान्हाला घेऊन जाणारा ड्रायव्हरसुद्धा मोगली आपल्या वर्गात होता अशा थाटात बोलतो.

मी पुण्याची. लग्न होऊन इथं आले. 'जंगल बुक'च्या दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची एक टोळी लांडग्यांवर चालून येते आणि वैनगंगेच्या पात्रात मोठी लढाई होते. ही टोळी येते कुठून? दख्खनेतून. म्हणजे माझ्या माहेरकडून. ही माहिती माझ्या दिरांनी सासूबाईंना पुरवली, आणि पुढं माझे भाऊ-भावजया येणार म्हटलं की सासूबाई विचारायच्या, "काय वं, टोळी कवा येऊन राहिली?"

तर अशा या भूमीत आमच्या पुतण्यानं, बंटीनं, जाहीर केलं की तो 'वुल्फडॉग' पाळणार.

"काकू, एकदम ओरिजिनल आहे. बाप लांडगा, माय जर्मन शेफर्ड."

"बापाला पाहिलंस का?"

"फोटो आहे ना."

फोटोत लांडगा होता, हे मान्य केलं पाहिजे. त्याच्यामागे देवदाराची झाडं होती आणि गुडघाभर बर्फ होता. विकणारा नागपूरच्या अलीकडचा होता. नागपुरात गुडघाभर बर्फ कुठल्या रसवंतीच्या मागे पडतो, असं मी विचारलं, तर बंटी म्हणाला, "काकू, तुम्हाला निगेटिव्हच दिसते." किंमत ऐकल्यावर आमचे 'हे' पेपरातून बाहेर आले. एवढ्यात दोन दुभत्या म्हशी येतात, असं म्हणून परत आत गेले.

मी बंटीला बेंगळुरूची गोष्ट सांगितली. 2025 च्या मार्चमध्ये तिथल्या एका श्वानशौकिनानं जगातला सगळ्यात महाग कुत्रा घेतल्याचं जाहीर केलं. लांडगा आणि कॉकेशियन शेफर्ड यांचा संकर, किंमत 50 कोटी रुपये. देशभर फोटो छापून आले. लोक त्या कुत्र्याबरोबर सेल्फी काढत होते. मग 50 कोटी आले कुठून हे विचारायला ईडीवाले घरी गेले. बातम्यांत आलं ते असं, की कोटी नव्हतेच आणि कुत्रा शेजाऱ्याचा होता. ईडीच्या भीतीनं लोक काय काय लपवतात ते आपण वाचतोच. पण आपल्याकडे पैसे नाहीत हे लपवताना पकडला गेलेला मला हा पहिलाच माणूस माहीत आहे.

बंटीवर परिणाम शून्य. "तो फ्रॉड होता, काकू. हा ओरिजिनल आहे."

इथंच तर खरी अडचण आहे. फ्रॉड असेल तर फक्त पैसे जातील. ओरिजिनल असेल तर आपण जाऊ. लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला बसलेला. त्याला मारणं किंवा पकडणं म्हणजे तीन ते सात वर्षं तुरुंग. म्हणजे पिल्लाचा बाप खरोखर लांडगा असला, तर विकणाऱ्यानं तो कुठून आणला आणि कुठं बांधला हा प्रश्न वनखात्याला पडणार, आणि उत्तर शोधत ते ज्या दारात येतील ते दार आमचं असणार. तेव्हा विकणारा खोटं बोलत असावा अशी मी आमच्या देव्हाऱ्यासमोर मनापासून प्रार्थना केली. सच्चेपणा नको म्हणून देवाला साकडं घालणारी मी काही पहिली गृहिणी नसेन.

आता गंमत बघा. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं, की या या जातींचे कुत्रे माणसांच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, आधीच घरात असतील त्यांची नसबंदी करा. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता, तोसा इनू होता, आणि 'वुल्फ डॉग्ज' असा स्पष्ट उल्लेख होता. त्याच यादीत 'टेरियर' असाही एक सरसकट शब्द होता. म्हणजे पर्समध्ये मावणारं, फटाका वाजला की मालकिणीच्या पदरात शिरणारं ते झिपरं पिल्लूही देशाच्या सुरक्षेला धोका ठरलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं हे परिपत्रक रद्द केलं. ज्यांचा संबंध येतो त्यांना न विचारता काढलं, असं न्यायालयाचं म्हणणं. कुत्र्यांना विचारायला हवं होतं असं न्यायालय म्हणालेलं नाही, पण बंटीनं तसाच अर्थ घेतला आणि पेढे आणले.

शेजारचे काकाजी या सगळ्यात बंटीच्या बाजूनं होते. त्यांचं कारण व्यावहारिक. त्यांच्या अंगणातली पाण्याची मोटर चोरीला गेली होती. "घेऊ द्या ना जी त्याले. लांडगा असला का चोराची हिंमत होत नाही गल्लीत यायची."

काकाजींचा हा गैरसमज दूर करायला मला फार वाईट वाटलं. लांडगा माणसाला भितो. भितो म्हणूनच आजवर जगला. लांडगा-कुत्र्याच्या संकरात हा बुजरेपणा उतरतो, अनोळखी माणूस दिसला की तो अंग चोरून कोपरा धरतो. भुंकणं हे कुत्र्याचं काम. लांडगा फारसा भुंकतच नाही. चेकोस्लोव्हाकियात 1955 पासून सीमेवरच्या पहाऱ्यासाठी जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांचा संकर करून बघितला, तेव्हा कामाचा प्राणी हाती यायला पिढ्या घालवाव्या लागल्या. म्हणजे आपल्याकडे चोर आला तर लांडगा पलंगाखाली, आपण पलंगावर, आणि मोटर गोंदियाच्या वाटेवर. मात्र रात्री दोन वाजता चंद्राकडे तोंड करून गळा काढायचं काम तो चोख करील, कुंपणाखालून भुयार खणील, आणि काकाजींच्या कोंबड्यांकडे ज्या नजरेनं बघेल ती नजर कुत्र्याची नसेल.

"कोंबड्याहीकडे?" काकाजी म्हणाले, आणि त्यांनी पक्ष बदलला.

परवान्याचा विषय तेव्हा निघाला. आमच्या गल्लीत परवाना म्हटलं की बंदूक नाहीतर दारूचं दुकान आठवतं. कुत्र्याचा परवाना हे ऐकून काकाजी खोकला येईपर्यंत हसले. "मंग कोंबड्याहीचा बी काढा! आन् दत्ताच्या चार कुत्र्याहीच्या गळ्यात कोन्या नगरपालिकेचा बिल्ला आहे, सांगा बरं?" दत्ताचं नाव घेतलं की वाद संपतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण कुत्रा आणि सरकार यांचं नातं जुनं आहे. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तर पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. इंग्रजांनी आपल्या देशात कुत्र्यांचा परवाना पुष्कळ वर्षं चालवला आणि 1987 मध्ये बंद केला. तेव्हा त्याची फी फक्त 37 पेन्स होती. आमच्याच मध्य प्रदेशात सागर महापालिकेनं 2023 च्या सुरुवातीला पाळीव कुत्र्यांवर कर लावायचं ठरवलं, तेव्हा उलटसुलट बोलणाऱ्यांत कर भरणारे कमी आणि कुत्रा नसलेले जास्त होते.

इंग्रजांचा एक नियम मात्र मला फार आवडतो. तिथं लांडगा-संकर पाळायला 1976 च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली परवाना लागतो, पण पहिल्या दोन पिढ्यांनाच. तिसऱ्या पिढीपासून तो कुत्रा. म्हणजे बाप लांडगा असला तर परवाना काढा, आजोबा लांडगा असला तरी काढा, पणजोबा लांडगा असला तर हरकत नाही. आपल्याकडे स्थळं बघताना नेमकं असंच चालतं. आजोबांनी काय दिवे लावले ते खोदून विचारतात, पणजोबांचे दरोडे मात्र घराण्याचा इतिहास म्हणून अभिमानानं सांगतात. आमच्या सासरचे मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर लांजीकडे आले म्हणतात. फौजेत ते काय करत होते हे कुणी विचारत नाही.

आणि संकराचं म्हणाल तर आम्ही बालाघाटची मराठी माणसं कोण आहोत? 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. मग राज्यांची फेररचना झाली आणि गोंदियाची आत्या जागची न हलता परराज्यात गेली. आमच्या घरात पूजा मराठीत, भांडण हिंदीत, भाजीवाल्याशी घासाघीस पोवारीत. माझी मुलं 'मी जाऊन राहिलो' म्हणतात तेव्हा पुण्याची आजी फोनवर डोळे मिटते, असं मला ऐकूनच कळतं. शुद्ध रक्ताच्या गप्पा आमच्या घरात कुणी मारू नयेत.

पण बंटीला पुण्याची एक बातमीही सांगितलीच. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगे आहेत. तिथं काम करणाऱ्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना कळपात एक निराळ्याच, पिवळसर रंगाचा प्राणी दिसला. त्याचे केस मिळवून तपासले, आणि 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांवरून सिद्ध केलं की तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. भारतात असा पहिला पुरावा. विकणारा नाही, घेणारा नाही, बर्फाचा फोटो नाही. गावातली मोकाट कुत्री माळावर जातात आणि हे घडतं. ऐकायला प्रेमविवाह वाटतो, पण लांडग्याचं यात वाटोळं होतं. आधीच भारतभरात लांडगे उरलेत सुमारे 3100, त्यातले सगळ्यात जास्त, 772, आमच्या मध्य प्रदेशात, असा 2022 चा अंदाज. त्यात कुत्र्यांचं रक्त मिसळत गेलं, वर कुत्र्यांचा रेबीज आणि डिस्टेंपर मिळाला, तर काही पिढ्यांनी लांडगा नावालाच उरेल. वाघाला वाचवायला इथं आख्खं कान्हा आहे. लांडगा राहतो माळावर, आणि माळ म्हणजे सरकारी कागदावर पडीक जमीन.

म्हणून माझा हट्ट एवढाच, की परवाना कशाला म्हणून हसायचं ते हसा, पण कुत्र्याची नोंद करा, लस द्या, नसबंदी करा, आणि रात्री मोकळा सोडू नका. आमचा शेरू होता तेव्हा आमच्या घरात सगळे कागद पूर्ण असलेला तोच एक जीव होता. आमच्या यांच्या नावाचं आधारवर एक स्पेलिंग आहे, खसऱ्यावर दुसरं. शेरूच्या लसीच्या कार्डावर नाव, रंग, वय, तारीख, शिक्का, सगळं जुळत होतं.

विकणाऱ्यानं शेवटी फोन उचलणंच बंद केलं. आगाऊ रक्कम घेतल्यानंतरच केलं, त्यामुळे तो अगदीच अडाणी नव्हता. बंटी दोन दिवस जेवला नाही, म्हणजे घरी जेवला नाही. मग आमच्या घरामागच्या लाकडांच्या ढिगात गल्लीतली कुत्री व्याली, आणि त्यातलं एक पिल्लू त्यानं उचललं. नाव ठेवलं अकेला. तीन महिन्यांचं झाल्यावर जनावरांच्या डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीसाठी नेलं. जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी 'देशी' लिहिलं. बंटी हळूच म्हणाला, "सर, क्रॉस लिहा ना."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कशाशी?"

बाकीची भावंडं अजून लाकडांच्या ढिगातच आहेत. आई गल्लीतली, ओळखीची. बापाबद्दल तीन मतं आहेत, त्यात लांडगा नाही. बालाघाटात राहत असाल किंवा गोंदियाहून येणं-जाणं असेल, तर काली पुतली चौकात उतरा आणि पुणेवाल्या काकूचं घर विचारा. पिल्लू फुकट आहे. पहिल्या लशीचे पैसे मी देईन. कार्डावर मालक म्हणून नाव तुमचं लागेल, आणि ते आधारवरच्या स्पेलिंगनंच लिहा.