ज्येष्ठांच्या विरंगुळ्याचा आराखडा

ज्येष्ठांना रमवायचे कसे, यावर नाशकात उद्या बैठक ठरली तर ती कुठे भरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पहिला विषय ॲप, दुसरा ॲपचे नाव, तिसरा उद्घाटनाचे पाहुणे. एखादे आजोबा जिना चढून आलेच, तर शाल-श्रीफळ देऊन त्यांना गप्प बसवण्याची सोय आहे.

खरे तर नाशिककर म्हातारा रमायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही. पहाटे गोल्फ क्लबवर, म्हणजे कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, फेऱ्या मारायच्या आणि मग महापालिकेपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची, हा कार्यक्रम निविदेविना सुरू आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. हास्यक्लबची चळवळसुद्धा १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी जेमतेम पाच जणांना घेऊन सुरू केली. त्यासाठी कुणी सल्लागार नेमला नव्हता.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. वक्ता रंगतो, श्रोताही रंगतो, पण मध्येच उठायची वेळ आली तर जायचे कुठे? रसिकतेला वयोमर्यादा नसेल, मूत्राशयाला असते. शिवाय व्याख्यान संपल्यावर रात्री इंदिरानगरला परतायचे, तर रिक्षावाला सांगेल तो आकडा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, ती ३३ शहरांतल्या वृद्धांनाच विचारून. त्यात आपली दिल्ली आणि उदयपूरही होती. लोकांनी मागितले काय? बसायला बाक, स्वच्छ शौचालय, सपाट पदपथ, वेळेवर बस. तेव्हा ॲप फारशी नव्हती हे मान्य. पण ॲपवर अजूनही बसता येत नाही.

या बाबतीत सगळ्यात हुशार निघाली ती एसटी. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट माफ. कार्यशाळा नाही, घोषवाक्य नाही. कंडक्टरला आधार कार्ड दाखवले की झाले. मग ‘गुडघे दुखतात’ म्हणणारे आजोबा त्र्यंबकेश्वरच्या गाडीत खिडकी पकडून बसलेले दिसतात. त्यांना कुणीही प्रोत्साहन दिलेले नसते.

राहिल्या आज्या. कार्यक्रम ठेवायचा संध्याकाळी पाचला, नेमका नातवंडांची व्हॅन यायच्या वेळी, आणि अहवालात लिहायचे, ‘महिलांमध्ये उत्साहाचा अभाव’. तो अहवाल टंकणाऱ्या साहेबांच्या मुलालाही त्या वेळी व्हॅनमधून उतरवून घेत असते ती साहेबांची आईच.