वाढ नामंजूर

सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यांनी बेंगळुरूला विमानं दिली, टेलिफोन दिले, घड्याळं दिली आणि निवृत्तीनंतर मल्लेश्वरमला काका दिले. प्रत्येक क्रॉसवर निदान एक तरी सापडतो. सकाळी सँकी तलावाला फेरी, मग आठव्या क्रॉसच्या बाजारात भेंडीची शेंडी मोडून बघणं, आणि रांग नसेल त्या दिवशी सी.टी.आर.मध्ये बेण्णे डोसा. पुण्याहून पाहुणे आले की काडु मल्लेश्वराचं देऊळ दाखवणं ओघानंच आलं. तिथला १६६९चा शिलालेख शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या दानाचा. काका तो अशा थाटात समजावतात, की साक्षीदार म्हणून खाली यांचीच सही असावी.

आमचे काका तपासणी खात्यातले. या माणसानं नोकरीत एकही वस्तू बनवली नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या मात्र हजारोंनी नापास केल्या. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस. त्या तापमानाच्या थंडगार खोलीत, हातात मायक्रोमीटर आणि खिशात लाल पेन घेऊन त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी काकूंच्या पोळीची जाडी चार ठिकाणी मोजली.

"अहो, हाताला काहीतरी काम बघा," काकू म्हणाल्या. तो सल्ला नव्हता.

परदेशातल्या लेकीनं मग वाढदिवसाला एक संच पाठवला. कातड्यावर नक्षी काढायचे पोलादी ठसे, फिरत्या मुठीची सुरी आणि लाकडी हातोडा. सोबत पुस्तिका होती. काकांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, कारण छापील कागदावर त्यांचा विश्वास नाही.

नक्षीसाठी झाडांच्या सालींनी कमावलेलंच कातडं लागतं. क्रोमनं कमावलेल्या मऊ कातड्यावर ठसा धरत नाही. सालींचं कातडं दोन्ही बाजूंनी ओलं करायचं आणि पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. बुरशी धरू नये म्हणून काकांनी पिशवी फ्रिजमध्ये ठेवली.

"इडलीच्या पिठाशेजारी जनावर?" काकू किंचाळल्या.

"जनावर नाही, वर्कपीस."

"कशाचं आहे?"

"म्हशीचं. दुकानदारानं सांगितलंय."

काकू क्षणभर थांबल्या. "मग खालच्या खणात ठेवा. दुधाच्या वर नको."

ज्या कामापायी आपण पिढ्यान् पिढ्या माणसांना गावाबाहेर ठेवलं, ते विमानातून खोक्यात आलं की छंद ठरतं आणि फ्रिजच्या खालच्या खणापर्यंत त्याला प्रवेश मिळतो. काकांना हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे, पण विषयांतर होतंय."

विषय होता व्हर्नियरसाठी म्यान. पुढच्या तुकड्यावर कोयऱ्यांची नक्षी, मागचा कोरा. दोन्ही तुकडे अगदी एका मापाचे कापले, शिवणीची भोकंही आधीच पाडून ठेवली. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर दुपारी दोनला ठोकाठोक सुरू झाली. वरच्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला भाडेकरू कानाला हेडफोन तसाच ठेवून खाली आला: "सार्, स्वल्प मेल्लगे!" काका हळू ठोकू लागले. हळू ठोकल्यानं कोयऱ्या फिकट उमटल्या, पण कातडं वाढायचं ते वाढलंच. १८० मिलिमीटरचं १८३ झालं. भोकांचा भोकांना पत्ता नाही. मधला भाग पापडासारखा फुगून वर आला.

काकांनी लाल पेन काढलं. 'नापास. कारण: वाढ.' स्वतःच्या हातानं बनवलेली ही त्यांची पहिलीच वस्तू, आणि तिच्यावर शेरा मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता होती, ती निवृत्तीनंतर प्रथमच दिसली.

मग चौकशी समिती बसली. सभासद एक. निष्कर्ष पहिला: पाणी जास्त झालं. चिंब कातडं ठोकलं की तंतू बाजूला सरकतात. रंग मूळपदावर येऊ लागला, पण हाताला गारवा लागतोय, ही खरी वेळ. निष्कर्ष दुसरा: काकांनी स्वस्त म्हणून पोटाकडचं कातडं आणलं होतं. पाठीकडचं घट्ट असतं, पोटाकडचं सैल.

"पोट सुटणारच," काकू काकांकडे आपादमस्तक बघत म्हणाल्या. "त्याला समिती कशाला?"

तिसरा निष्कर्ष मात्र क्रांतिकारक निघाला. कातड्याच्या मागच्या बाजूला न ताणणारं काहीतरी चिकटवायचं. ठोका बसला की तंतूंना आडवं पसरता येत नाही, ते जागच्या जागी दबतात. काम झालं की अस्तर सोलून काढायचं. खाकी चिकटपट्टी चालते, पण सर्वांत उत्तम जुना एक्स-रे. ती फिल्म पॉलिस्टरची. काकांनी मायक्रोमीटर लावला: ०.१८ मिलिमीटर, चारही कोपऱ्यांत. सबंध घरात त्यांच्याकडून पास झालेली ही एकमेव वस्तू.

मल्लेश्वरममध्ये गुडघ्यांना तोटा नाही. काका देवळात, बागेत, औषधाच्या दुकानात ओळखीच्यांना थांबवून विचारू लागले, "जुना एक्स-रे आहे का घरी?" लोकांना वाटलं, केवढी आस्था! दोघातिघांनी रिपोर्टही आणून दिले. काकांनी ते साभार परत करून फिल्म तेवढी ठेवून घेतली. पंक्चरवाल्याकडचं रबर सोल्युशन लावून कुणाच्या मणक्यावर कमळ, तर कुणाच्या फुप्फुसावर मोर चढला.

मधेच काकूंच्या माहेरी, निपाणीला लग्न निघालं. तिथे काकांनी एक कोल्हापुरी चपला करणारे कारागीर गाठले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे धरून. "सीमाप्रश्न पायापुरता तरी सुटला," हे काका दोन्ही राज्यांत ऐकवतात. कारागिरानं तळाचं कातडं पाण्यातून काढलं, दणादण ठोकलं, आणि मग त्यावर माप ठेवून रापीनं कापलं.

"अहो, ठोकल्यावर वाढलं ना ते!"

"वाढू दे की. वाढायचं तेवढं आधीच वाढवून घ्यायचं. मागनं पायात वाढण्यापेक्षा बरं."

"आणि कडेचं कापलेलं?"

"जातंय वाया."

वाया! बेंगळुरूपर्यंतच्या परतीच्या बसमध्ये काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं: तुकडा मोठा घ्यावा, नक्षी झाल्यावर मापात कापावा. वाया जाण्याच्या भीतीनं ते पान त्यांनी उतरवूनच घेतलं नव्हतं. आता ते चहूबाजूंनी बोटभर जास्त ठेवतात आणि कापलेल्या पट्ट्यांचे किल्लीला लावायचे बिल्ले करून गल्लीत वाटतात. प्रत्येकावर तपासणीचा क्रमांक असतो. माझा बिल्ला 'सवलतीने पास' आहे.

गेल्या महिन्यात काकूंचा गुडघा पुन्हा धरला. डॉक्टरांनी तुलनेसाठी जुना एक्स-रे मागितला. काकांनी तो एका पट्ट्याच्या पाठीवरून नुकताच सोलला होता. रबर सोल्युशनचे काही थर अजून चिकटलेले होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, चष्मा वर केला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "इथे काहीतरी वाढलेलं दिसतंय."

"वाढलेलं?" काका खुर्चीतून ताडकन उठले. "शक्यच नाही, डॉक्टर. ही फिल्म लावल्यावर शून्य पूर्णांक दोनच्या वर मी काही वाढूच दिलेलं नाही."